जुनी स्की बोट: १९९१ची घेऊ का?

मंडळी, आम्ही मिनेसोटात, दोन्ही पोरांना वॉटर स्कीइंगचं वेड लागलंय, बजेट ताणून १२ हजार डॉलर. १९९१ची स्की नॉटिक बघून आलो, चकाचक आहे पण मागच्या सीटपाशी फ्लोअर पायाखाली दबतो, घेऊ का?

तळ्याकाठचा: थांबा! १९९३च्या आधीच्या नॉटिकमध्ये स्ट्रिंगर (फ्लोअरखालचे लांब आधार) लाकडाचे, पाणी मुरलं की आतून कुजतात, ते बदलायचे म्हणजे बोटीच्या किमतीएवढा खड्डा.

गॅरेजवाला: कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिनच्या सिलिंडरमधला दाब मोजणं) कराच. थंडीआधी इंजिनच्या ब्लॉकमधलं पाणी काढलं नसेल तर गोठून तडकतो. आणि तळ्यात चालवून बघा, अंगणात पाइप लावून इंजिन चालू केलं म्हणजे टेस्ट नाही हो!

सुमाताई: इंजिन मधोमध असतं, सासूबाईंना कुठे बसवणार?

प्रश्नकर्ता: ताई, त्या काठावरच बऱ्या 😄 ही सोडली, ९५ची बघतोय.