मदत हवी आहे: काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे घरीच मशीनने काढायचेत

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोलीचा, काळी स्विफ्ट आहे, बाबांनी घेतलेली म्हणून जरा जास्तच जीव आहे तिच्यावर. आमच्याकडे खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ बसते आणि इतकी वर्षं मी ती रोज सकाळी सुक्या फडक्याने झटकायचो, आता उन्हात बॉनेटकडे बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, फार वाईट वाटतं.

धुणं सुधारलंय. दोन बादल्या, एक शाम्पूची एक साध्या पाण्याची, आधी पाइपने धूळ उतरवायची मगच मायक्रोफायबर लावायचा. पण धुऊन सुकवल्यावरही दरवाजांच्या खालच्या बाजूला हात फिरवला तर खरखरीत लागतं, मग तिथे आधी आयर्न रिमूव्हर (पेंटवर रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे) मारू की थेट क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी)?

पॉलिशिंगचं मशीन ड्युअल अॅक्शनवालं (पॅड गोल फिरतो आणि सोबत इकडेतिकडे हलतोही) घेतोय, रोटरी (नुसतं गोल फिरणारं) एकाच जागी जास्त वेळ राहिलं तर पेंट तापतो म्हणे, हात बसेपर्यंत ते नकोच. ५ इंची पॅड आणि हलक्या पॉलिशने सुरुवात करू की कंपाउंडच (जास्त घासणारं पॉलिश) लागेल? स्पीड किती ठेवता? कडांना आणि रबरांना टेप लावणार आहे.

आणि पावसात पोर्चमध्ये केलं तर चालेल का, की पाऊस जायची वाट बघू? चवथीला गाडी चकाचक हवी होती. म्हापसा-पणजीकडे कोणी स्वतः करत असेल तर एकदा बघायला येऊ का?