तान्ह्या बाळाला घेऊन परदेशी गेलात? अनुभव सांगा

जळगावची_लेक :
नवऱ्याची बदली जर्मनीत म्युनिकला झालीय. लेक आठ महिन्यांची. सासरे म्हणतात तिकिटं काढून टाका, सासूबाई म्हणतात पोरगी पायावर उभी तरी राहू द्या. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींचे सल्ले भरपूर मिळाले, पण त्यांचं विमानतळ घरापासून तासाभरावर. आपल्याला आधी एक रात्र रेल्वेत काढावी लागते, हे त्यांच्या हिशेबातच नाही. खान्देशातून बाळ घेऊन गेलेल्यांनी लिहा ना. कागदपत्रं, विमान, तिथलं खाणंपिणं, काहीही चालेल.

तापीकाठ (भुसावळ) :
तिकिटाआधी जन्माचा दाखला काढून बघा. आपल्याकडे बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद माहेरच्या नगरपालिकेत, आणि बारशाआधी नोंद झाली असेल तर दाखल्यात नावाची जागा कोरी. नाव टाकून घ्यायला जन्मापासून 12 महिन्यांपर्यंत फी लागत नाही, नंतर विलंब शुल्क. आईवडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. दाखल्यात एक ‘a’ कमी, म्हणून आमच्या मेहुण्यांना सासुरवाडीला दोन खेपा झाल्या.

पासपोर्टला नाशिक गाठायची गरज नाही, जळगावच्या पोस्टातल्या केंद्रात काम होतं. अनुबंध ‘ड’वर, म्हणजे आईबापाच्या संमतीच्या फॉर्मवर, दोघांच्या सह्या लागतात. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपणच न्यायचा, पाठीमागे पांढरं. आम्ही दिवाणावर पांढरी चादर ताणून बाळाला उताणं झोपवलं, बायको डोक्याशी खुळखुळा वाजवत होती आणि मी स्टुलावर उभा राहून वरून फोटो काढत होतो. डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं, हे दोन्ही एकाच वेळी जमायला संध्याकाळ झाली. हा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. तोवर चेहरा एवढा बदलतो की अधिकारी फोटोकडे आणि मुलाकडे आळीपाळीने बघत बसतात.

पांझरेचं_पाणी (धुळे) :
आम्ही धुळ्याहून गाडी करून गेलो. कसारा घाटात रात्री ट्रकांची रांग लागली, तर दूध पाजायला कुठे थांबायचं हा प्रश्न पडतो. म्हणून दुपारीच निघून ठाण्याला मावशीकडे मुक्काम केला आणि पहाटे विमानतळ. धुळे-नंदुरबारवाल्यांनी मधला मुक्काम ठेवाच. पैसे वाचतात म्हणून थेट जाऊ नका, विमानात बसायच्या आधीच आई गळून जाते.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीवर न्यायचं असेल तर परदेशी विमानात साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के लागतात, वर कर. पण वय परतीच्या दिवशीचंही मोजतात. तिकडे दुसरा वाढदिवस झाला की येताना पूर्ण खुर्ची.

बॅसिनेट आधीच मागून ठेवा. भिंतीला अडकवतात तो पाळणा, पुढची मोकळी जागा असलेल्या रांगेतच बसतो आणि मोजकेच असतात. बहुतेक ठिकाणी वजनाची मर्यादा दहा-अकरा किलोच्या आसपास, तुमच्या आठ महिन्यांच्या लेकीला चालून जाईल. फक्त त्यात रात्रभर निवांत झोपेल अशा भरवशावर राहू नका. विमान जरा हललं आणि पट्ट्याचा दिवा लागला की बाळ उचलून मांडीवर घ्यायचं, नियमच आहे. आमचं नुकतंच झोपलेलं, अंगठा तोंडात. हवाईसुंदरी येऊन म्हणाली, घ्या. उचललं. पुढचा तास सगळ्या रांगेने ऐकला.

कान दुखतात ते चढताना कमी, उतरताना जास्त. विमान उतरायला लागतं ते जमिनीला टेकायच्या अर्धा तास आधीपासून, तेव्हा दूध पाजायचं. गिळलं की कानातली नळी उघडते. त्याआधी पोट भरू देऊ नका, नाहीतर ऐन वेळी तोंड फिरवतं. आणि बाळाच्या दुधाला, गरम पाण्याला शंभर मिलीची अट नाही, तपासणीत बाहेर काढून दाखवा म्हणजे झालं.

साने_गुरुजींच्या_गावची (अमळनेर) :
माझी गोष्ट दुबईची. निघायच्या आधी आईने डिंकाच्या लाडवांचा घाट घातला. खोबरं, खारीक, गोडंबी आणि वाटीभर खसखस. बाळंतिणीला आणि अंगावरच्या लेकराला याहून चांगलं काय! पण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थांत मोडते. आईला हे पटेचना. “मायवं, खसखस खाईसन कोनले निशा येस?” मग नवऱ्याने फोनवर समजावलं तेव्हा कुठे परातीत घेतलेली खसखस परत बरणीत गेली. बिनखसखशीचे लाडू केले आणि ते आमच्याबरोबर नीट पोचले. दर वेळी चव घेऊन “काहीतरी राहिलंय” असं मात्र ती अजून म्हणते.

घरचं काजळही मी नेलं नाही. काजळ-सुरम्यात शिसं निघतं म्हणून अमेरिकेत त्याला मनाई आहे, मग आमच्या डॉक्टरांनी इथेही लावू नका म्हणून सांगितलं. दृष्ट काढायची तर मीठमोहऱ्या कुठेही मिळतात.

केळीवाला_आजोबा (रावेर) :
सूनबाई आणि नातवाबरोबर मेलबर्नला गेलो. नातू केळ्यावर वाढलेला, आम्ही बागायतदारच. पिशवीत घरची केळी होती. विमानात खाल्ली तेवढी खाल्ली, उरलेली उतरायच्या आधी देऊन टाकली. ऑस्ट्रेलियात ताजं फळ नेता येत नाही. खाण्याचं जे काही असेल ते कागदावर लिहायचं. लिहून दाखवलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड. नाचणीसत्त्वाची पिशवी आम्ही लिहून दाखवली, उघडून बघितली, परत दिली.

शिरपूर_ते_सॅनहोजे :
विमानाचं सगळे विचारतात, त्यानंतरच्या आठवड्याचं कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे. म्हणजे बाळाचा दिवस तिथली रात्र. लेक रात्री दोनला टक्क जागी, खेळायच्या तयारीत, आणि नवऱ्याला सकाळी ऑफिस. सकाळी उन्हात फिरवायचं आणि दुपारची झोप लांबू द्यायची नाही, यानेच गाडी हळूहळू रुळावर आली. त्या दिवसांत पाहुणे बोलावू नका.
मी एकटीच बाळाला घेऊन गेले होते. नवऱ्याचं संमतीपत्र नोटरी करून जवळ ठेवलं. कुणी मागितलं नाही, पण असावं.

सातपुड्यापलीकडे (मूळ नंदुरबार, आता ऑग्सबुर्ग) :
जळगावताई, आमचं ऑग्सबुर्ग म्युनिकच्या जवळच आहे म्हणून लिहितो. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या, पर्यटन व्हिसाला सहा वर्षांखालच्या मुलाला फी नाही, पण तुमचा राहायचा, म्हणजे राष्ट्रीय व्हिसा. त्याला लहानांना निम्मी फी असते, साडेसदतीस युरो. दोन्हींची गल्लत करू नका.

लसींचं कार्ड मूळ आणि इंग्रजीत दोन्ही आणा. इथे 2020 पासून पाळणाघराला गोवराच्या लशीचा पुरावा लागतो, वर्षाच्या पुढच्या मुलांना. तुमची नऊ महिन्यांची लस निघायच्या तारखेच्या आसपास येतेय, डॉक्टरांना आत्ताच विचारा. आल्यावर मुलांचे डॉक्टर लगेच शोधा, ते पिवळ्या वहीत वाढीची नोंद ठेवतात.

गाडीत बाळ मांडीवर घेऊन बसायचं इथे विसरा. 12 वर्षांपर्यंत किंवा 150 सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलांची खुर्ची लागतेच, विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला आधी सांगून ठेवा. आणि शक्यतो रविवारी उतरू नका. रविवारी इथे, बवेरिया राज्यात, दुकानं बंद. मोठ्या स्टेशनातलं एखादं उघडं असतं, तिथे डायपर मिळतात, पण रांग जळगावच्या तत्काळ तिकिटासारखी.