महिना पाचशे रुपयांत योगाभ्यासाची सुरुवात कशी करावी?

प्रश्न : घणसोलीकर

सर्वांना नमस्कार. माझे वय ४१ असून मी महापे येथील एका कार्यालयात संगणकावर बिलांच्या नोंदी करण्याचे काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीतच जातात. गेल्या वर्षभरापासून मान आणि खांदे इतके आखडतात की सकाळी केस विंचरताना उजवा हात डोक्यामागे नेणे जड जाते. डॉक्टरांनी तपासून रक्तदाब आणि साखर ठीक असल्याचे सांगितले. डाव्या गुडघ्याची थोडी झीज सुरू झाली आहे, तेव्हा आताच नियमित योगासने सुरू करा, असा त्यांचा सल्ला आहे.

घराजवळच्या एका स्टुडिओत चौकशी केली. तिथे दरमहा २,५०० रुपये शुल्क आहे, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरावे लागतात आणि मॅटही त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. मुलाचे दहावीचे वर्ष आणि घराचा हप्ता सांभाळून मला या कामासाठी महिन्याला ५०० रुपयांपेक्षा जास्त बाजूला काढता येत नाहीत. म्हणून मोबाइलवर चित्रफिती पाहून घरीच सुरुवात केली. परंतु चौथ्या दिवशी पडद्यावरच्या गतीने कपालभाती करताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सासूबाईंनी धरून बसवले म्हणून पडले नाही. तेव्हापासून मनात भीती बसली आहे.

शिक्षकाशिवाय सुरुवात करणे योग्य आहे का आणि साहित्यापैकी खरोखर काय घ्यावे लागते, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. घरात पलंग आणि कपाट यांच्यामध्ये साधारण सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद एवढीच मोकळी जागा आहे.

उत्तर १ : नौपाडेकर

ताई, तुमच्याकडे जे पाचशे रुपये आहेत, ते पहिले तीन महिने केवळ शिक्षकासाठी ठेवा आणि साहित्यावर त्यातला एक रुपयाही घालू नका, असे मी आग्रहाने सांगेन. चित्रफितीतला माणूस तुम्हाला दिसतो, पण त्याला तुम्ही दिसत नाही, आणि नवख्याची खरी अडचण हीच असते. माझेच उदाहरण सांगतो. वर्षानुवर्षे लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून माझी कंबर दुखत असे. वर्गात पहिल्याच दिवशी ताडासन करताना शिक्षकांनी मला थांबवले, बाहेर काढून ठेवलेल्या माझ्या चपला आणायला सांगितल्या आणि उजव्या चपलेची बाहेरच्या अंगाने झिजलेली टाच दाखवली. मी कायम उजव्या पायावर भार टाकून उभा राहतो, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते, आणि आरशात पाहून ते कधी कळलेही नसते.

आपला ठाणे परिसर या बाबतीत भाग्यवान आहे. घंटाळी मित्र मंडळ आणि हठयोगी निकम गुरुजींनी सुरू केलेले अंबिका योग कुटीर या दोन संस्था गेली कित्येक दशके सामान्य माणसाला योग शिकवीत आल्या आहेत. त्यांच्यामागे सेवाभावाने शिकवणाऱ्या साधकांची फळी उभी असल्यामुळे स्टुडिओचे दर आणि इथले दर यांची तुलनाच करता येत नाही. सध्याचे शुल्क, वेळा आणि तुमच्या जवळचा वर्ग यांची माहिती मात्र स्वतः जाऊन किंवा फोन करून घ्यावी. घणसोलीहून ठाणे-वाशी मार्गावरची लोकल थेट ठाण्याला येते, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस येणे तुम्हाला अवघड जाऊ नये. वर्गात शिकलेले उरलेले सहा दिवस घरी घोटायचे असते. रोज वर्गाला गेलेच पाहिजे, हा समज आधी मनातून काढून टाका.

आणखी एक गोष्ट. प्रवेश घेण्यापूर्वी एकदा नुसते बसून वर्ग पाहू द्याल का, असे विचारा. शिक्षक मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत जातात का, कोणाला काही दुखणे आहे का याची आधी विचारपूस करतात का, एवढे दोनच मुद्दे पाहिलेत तरी वर्गाची पारख होते.

उत्तर २ : कोपरखैरणेवासी

काकांशी मी पूर्ण सहमत आहे. साहित्याबद्दल माझा सहा वर्षांचा अनुभव लिहिते. मी आजही सुती सतरंजीवरच आसने करते. तिचा एकच दोष असा की गुळगुळीत टाइल्सवर ती सरकते, आणि त्रिकोणासनात पाय फाकवून उभे असताना ती सरकली तर मांडीचा स्नायू दुखावलाच म्हणून समजा. त्यासाठी उभ्याने करायची आसने मी अनवाणी पायांनी थेट फरशीवर करते आणि बैठी व निजून करायची आसने करताना सतरंजी अंथरते. पावसाळ्यात आपल्याकडे फरशीला दमटपणा येतो, तेव्हा आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे लागते. पुढे मॅट घ्यावीशी वाटलीच तर चार ते सहा मिलिमीटर जाडीची साधी मॅट पुरते. त्याहून जाड मॅट मऊ लागते खरी, पण वृक्षासनात तिच्यावर पाय डगमगतो.

तुमच्या गुडघ्यासाठी गोधडी सर्वांत उपयोगी आहे. तिची चार पदरी घडी करून कुल्ल्यांखाली घेतली की बैठक तीन-चार इंच उंचावते, गुडघे आपोआप खाली येतात आणि पाठ ताठ ठेवण्यासाठी झगडावे लागत नाही. पट्टा म्हणून जुनी सुती ओढणी चालते. ठोकळ्याच्या जागी मी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सुतळीने घट्ट बांधून ठेवला आहे आणि त्रिकोणासनात हात जमिनीपर्यंत पोहोचत नाही म्हणून त्याच्यावर टेकवते. अशा आधारांना कमीपणाचे मानू नका. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, ठोकळे, खुर्च्या, उशा यांचा आधार घेऊन आसने शिकवण्याची जी पद्धत विकसित केली, ती आज जगभर वापरली जाते.

जागेची काळजी करू नका. सहा बाय अडीच फुटांत निजून करायची सगळी आसने होतात. हात बाजूला पसरायचे असतील तेव्हा तेवढे तिरके उभे राहायचे. घरात अगदीच अडचण झाली तर हिवाळ्यात सकाळी जवळच्या उद्यानात जाता येते. मी काही महिने वाशीच्या सागर विहारला जात असे. पण उघड्यावर वारा आणि डास असल्यामुळे शवासन मला तिथे कधीच साधले नाही.

उत्तर ३ : कळव्याचा योगशिक्षक

ताई, आधी तुमच्या चक्करेविषयी लिहितो, कारण भीती तिथे बसली आहे. कपालभातीला आज सर्रास प्राणायाम म्हटले जात असले, तरी हठयोगाच्या परंपरेत ती षट्कर्मांपैकी एक, म्हणजे शुद्धिक्रिया आहे. सवय नसताना भराभर श्वास सोडत राहिले की रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण झपाट्याने घटते, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि अंधारी येते. तुमच्या शरीरात काही बिघाड आहे असा याचा अर्थ होत नाही. चूक झाली ती गतीची आणि घाईची. कपालभाती सध्या पूर्ण बंद ठेवा आणि पुढे शिक्षकांसमोरच पुन्हा सुरू करा. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया आहे, त्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ती करूच नये.

घरच्या सरावासाठी आयुष मंत्रालयाच्या सामान्य योग अभ्यासक्रमाचा आधार घ्यावा. २१ जून २०१५ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय योग दिवस साजरा झाला, त्या वेळेपासून हा क्रम देशभर वापरात आहे. तो आता सुमारे ४५ मिनिटांचा आहे आणि त्याची पुस्तिका विनामूल्य मिळते. नवख्या व्यक्तीने मात्र तो पहिल्याच दिवशी संपूर्ण करू नये. तुमच्यासाठी मी त्यातून वीस-पंचवीस मिनिटांचा भाग निवडेन. सुरुवातीची पाच मिनिटे मान, खांदे, कंबर आणि गुडघे यांच्या सावकाश हालचाली कराव्यात. मान फिरवताना पूर्ण गोल फिरवण्याची घाई करू नये; पुढे-मागे, उजवी-डावीकडे कलणे आणि वळणे एवढे पुरेसे आहे. त्यानंतर ताडासन आणि भिंतीला हात टेकवून वृक्षासन करावे. मग पालथे झोपून मकरासनात विसावा घ्यावा आणि भुजंगासन करावे. दिवसभर पडद्यासमोर पुढे वाकलेल्या पाठीला या आसनाची खरी गरज असते. त्यात हातांच्या जोराने न उठता पाठीच्या स्नायूंनी छाती उचलायची आणि खांदे कानांपासून दूर ठेवायचे. शेवटी उताणे होऊन सेतुबंधासन, एकेका पायाने पवनमुक्तासन आणि किमान पाच मिनिटे शवासन करावे. श्वासासाठी पहिला महिनाभर साधा दीर्घ श्वास आणि भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणे, एवढे पुरे. नाडीशोधन, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास घेणे-सोडणे, वर्गात शिकून घ्या, आणि श्वास कोंडून ठेवण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका.

जेवणानंतर तीन ते चार तास जाऊ द्यावेत. सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम आहे, आणि औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याच्या प्रसारासाठी केलेले काम महाराष्ट्राला ठाऊक आहे. तरीही झिजणाऱ्या गुडघ्यांवर आणि आखडलेल्या खांद्यांवर एकदम बारा-बारा सूर्यनमस्कारांचा भार टाकणे मला पटत नाही. दोन महिन्यांनी शिक्षकांना विचारून दोनांपासून सुरुवात करावी. ताण जाणवणे आणि दुखणे यांत फरक आहे. स्नायूच्या मध्यभागी पसरणारी ओढ चालेल, पण सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर त्या क्षणी आसन सोडून द्या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : घणसोलीकर

तिघांचेही मनापासून आभार. चक्कर का आली, हे कळल्यामुळे मनावरचे मोठे ओझे उतरले. रविवारी ठाण्यात येऊन वर्ग पाहण्याचे ठरवले आहे. आणखी दोन शंका आहेत. वज्रासन जेवणानंतरही चालते, असे सर्व जण सांगतात. परंतु त्यात बसले की माझ्या डाव्या गुडघ्यावर ताण येतो. त्याला काही उपाय आहे का? आणि सकाळी सहा ते सव्वासात डबे व पाणी भरणे यांतच जातात. तर सराव संध्याकाळी केला तर चालेल का?

उत्तर ४ : कळव्याचा योगशिक्षक

जेवणानंतर चालणाऱ्या मोजक्या आसनांत वज्रासन येते, हे खरे आहे. पण झीज सुरू झालेल्या गुडघ्याला ते सक्तीने करायला लावू नये. टाचा आणि कुल्ले यांच्यामध्ये जाड उशी घ्या आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीत टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवून पाहा. तरीही कळ आली तर वज्रासन सोडा आणि खुर्चीत ताठ बसा. डॉक्टरांनी झीज सांगितली आहे, ही गोष्ट नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी आवर्जून सांगा.

संध्याकाळची वेळ उत्तम आहे. कामावरून आल्यावर लगेच चहा-फराळ न करता हातपाय धुऊन आधी वीस मिनिटे सराव करावा. दिवसभर हालचाल झालेली असल्यामुळे त्या वेळी स्नायू सकाळपेक्षा मोकळे असतात, असा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे.

उत्तर ५ : कोपरखैरणेवासी

माझी वेळही संध्याकाळचीच आहे. माझ्या सासूबाई माझ्या शेजारी खुर्चीवर बसून खांद्यांच्या आणि घोट्यांच्या हालचाली करतात. आता मला उशीर झाला तर सतरंजी त्याच अंथरून ठेवतात. तुमच्या सासूबाईंनाही जरूर विचारून पाहा. आणि रविवारी ठाण्याला येणारच असाल तर सकाळी लवकरची गाडी पकडा. वर्ग पाहायला रिकाम्या पोटी आणि सैल सुती पंजाबी ड्रेस घालून जा, म्हणजे शिक्षकांनी बसा म्हटले तर लगेच बसता येईल.