आयपीनंतर ५० ला जाड बँड – मदत हवी आहे (तातडीचं)

अर्धवट_प्रयोग: आयपी (अँटिबॉडीने प्रोटीन बीड्सवर ओढून काढणं) करून वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीनं जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने दाखवणं) केला की ५० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास भला मोठा बँड येतो. माझं प्रोटीन ५२ चं. ते हेच का? बीड्स बदलून झाले, धुऊन धुऊन कंटाळलो. सोमवारी मीटिंग आहे, लवकर सांगा.

खारे_पाणी: अँटिबॉडी कुठल्या प्राण्याची? आयपीला आणि ब्लॉटला एकच का? बीड्सवर अँटिबॉडी धरायला प्रोटीन ए की जी? बफर?

अर्धवट_प्रयोग: एकच, उंदराची. बीड्स ए. बफर नेहमीचाच.

खारे_पाणी: 'नेहमीचा' प्रत्येक लॅबचा वेगळा असतो हो. असो. हेवी चेन (अँटिबॉडीचाच ५० चा मोठा तुकडा) वाटतेय. सॅम्पल उकळलं की बीड्सवरची अँटिबॉडीही सुटते, आणि तुमची सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरून बँड दाखवणारी दुसरी) उंदराच्याच आयजीजीला (नेहमीच्या प्रकारच्या अँटिबॉडीला) धरते. २५ ला लाइट चेन (अँटिबॉडीचा छोटा तुकडा) दिसते का?

उंटवाला: अँटिबॉडी सोडा, नॅनोबॉडी (उंटाच्या अँटिबॉडीचा छोटा तुकडा) घ्या! जेमतेम १५ किलोडाल्टन, ५० ला भानगडच नाही. उंटांतल्या लाइट चेन नसलेल्या अँटिबॉडींवरचा पेपर १९९३ चा, लोक अजून जुन्यालाच चिकटून.

खारे_पाणी: यांच्या प्रोटीनची नॅनोबॉडी मिळायला तर हवी. जीएफपी टॅग (प्रोटीनला जोडलेलं चमकणारं प्रोटीन, त्याची नॅनोबॉडी तयार मिळते) असता तर गोष्ट वेगळी.

उंटवाला: मग लावा टॅग.

जुनी_काच: आणि पेशीत ते टॅगवालं प्रोटीन बदाबदा बनलं की भलत्यालाही चिकटतं, त्याचं काय?

निळी_जेल: ब्लॉकिंगला (ब्लॉटवरची रिकामी जागा झाकायला) दूध नको. दुधात बायोटिन असतं, त्याला धरणारं स्ट्रेप्टाविडिन लावलं की बॅकग्राउंड चढतं.

अर्धवट_प्रयोग: स्ट्रेप्टाविडिन कुणी वापरलंय?? २५ लाही बँड आहे. म्हणजे माझं प्रोटीन आलंच नाही?

खारे_पाणी: तसं नाही, ५२ चं ५० खाली झाकलं जातं. ब्लॉटला सशाची अँटिबॉडी घ्या, सेकंडरी उंदराला न धरणारी. नाहीतर फक्त लाइट चेनला धरणारी सेकंडरी मिळते. शेजारच्या लेनमध्ये साध्या (तुमच्या प्रोटीनला न धरणाऱ्या) उंदीर आयजीजीची आयपी हवीच. आणि तुमची अँटिबॉडी आयजीजी१ या उपप्रकारातली असेल तर प्रोटीन ए तिला नीट धरत नाही, जी घ्या.

जुनी_काच: नॉकआउट (त्या प्रोटीनचं जीन काढून टाकलेल्या) पेशींचं लायसेटही (पेशी फोडून काढलेला रस) चालवा, आयपी न करता. तिथेही ५२ ला बँड आला तर अँटिबॉडीच भलतं काही धरतेय.

अर्धवट_प्रयोग: सोमवारपर्यंत नॉकआउट कुठून आणू? सशाची शेजारच्या लॅबमध्ये आहे, पण आयपीला चालत नाही म्हणे.

खारे_पाणी: ब्लॉटला चालू शकते. तिथे प्रोटीन उलगडलेलं असतं, आयपीत घडी शाबूत असते. आज नुसत्या लायसेटवर लावून बघा.