मदत हवी आहे: हुक्क्यासाठी कोळसा कोणता घ्यावा? दर वेळी डोकं ठणकतं

सांजवेळ

नमस्कार. प्रश्न लांबट आहे, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

मी आणि नवरा महिन्यातून दोनेकदा घरी हुक्का ओढतो. कोळसा आजवर झटपट पेटणाराच वापरला, ज्याला मॅजिक कोल म्हणतात तो. गोल चपटी वडी असते, मधे खोलगट. काडी लावली की तडतड ठिणग्या उडत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पेटत जाते आणि मिनिटभरात चिलमीवर ठेवता येते. या सोयीपायीच दुसरा कोळसा कधी बघितला नाही.

त्रास असा की सुरुवातीचे झुरके दारूगोळ्यासारखे लागतात. घसा कोरडा पडतो. अर्ध्या-पाऊण तासात वडी मंदावते, मग दुसरी लावायची, की पुन्हा तोच वास. हे एक वेळ सहन केलं असतं. पण पाऊण तास झाला की माझं कपाळ जड होतं, कानशिलं ठणकायला लागतात, मळमळतं. परवा तर उठून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला धरलं म्हणून पडले नाही. नवऱ्याला एवढं होत नाही. त्याचं म्हणणं, तुला तंबाखू झेपत नाही.

म्हणून आधी तंबाखू बदलला. मग तंबाखूच नसलेलं हर्बल मिश्रण आणलं. तरी डोकं दुखायचं ते दुखलंच. तेव्हापासून मला कोळशाचाच संशय येतोय. त्या दिवशी बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिला, ९८ दाखवत होता, म्हणजे श्वासाचं काही नसावं.

मागच्या आठवड्यात नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे ठोकळे आणले. गॅसवर पाच मिनिटं धरले, वरून लाल दिसले म्हणून चिलमीवर ठेवले. दहा मिनिटांत धग गेली. एक ठोकळा तर फट्‌दिशी फुटला आणि तुकडा सतरंजीवर पडला. फोडून बघितलं तर आत काळाच.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. करवंटीचा कोळसा खरंच चांगला असतो का, आणि असेल तर पेटवताना माझं कुठे चुकलं? आणि कोणता कोळसा घेतला तर डोकं दुखणार नाही? दुसरा प्रश्न माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

भट्टीवाला

ताई, करवंटीच्या कोळशाचे ठोकळे पाडणाऱ्या कारखान्यात मी काही वर्षं काढली आहेत. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट देऊ शकेन.

मॅजिक कोलचा तो वास कोळशाचा नसतोच. वडी काडीने पेटावी म्हणून तिच्यात सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट किंवा तसलंच एखादं रसायन घालतात. ते तापलं की स्वतःच ऑक्सिजन सोडतं, म्हणून ठिणग्या उडतात आणि आग पळत जाते. जुन्या बंदुकीच्या दारूतही हाच सोरा असायचा. तुम्ही दारूगोळ्यासारखी चव म्हणालात ती अगदी बरोबर. ठिणग्या थांबल्या आणि सगळ्या वडीवर करड्या राखेचा थर आला की मगच ती ठेवायची असते, पण मिनिटभरात पेटते म्हटल्यावर तेवढं कुणी थांबत नाही.

करवंटीचा कोळसा करताना करवंट्या कमी हवेत जाळतात, त्या कोळशाची भुकटी करतात, टॅपिओकाच्या पिठाची खळ घालून मळतात, दाबून ठोकळे पाडतात आणि भट्टीत वाळवतात. त्यात पेटवण्याचं रसायन नसतं, त्यामुळे तो पेटायला हट्टी असतो. अडीच सेंटीमीटर बाजूचा ठोकळा आतपर्यंत फुलायला ८ ते १२ मिनिटं लागतात. तुम्ही पाच मिनिटांत उचललात. वरचं कातडं लाल झालं होतं, गाभा थंड होता. कोळशाला सगळीकडून निखारा होऊ द्यायचा. विजेच्या कॉइलच्या शेगडीवर सगळ्यात बरं. गॅस असेल तर वर जाळी ठेवा आणि चिमट्याने दर दोन-तीन मिनिटांनी कूस बदला. एकही काळा डाग दिसता कामा नये. काचेच्या शेगडीवर किंवा नॉनस्टिक तव्यावर मात्र ठेवू नका, दोन्ही खराब होतात.

फुटला तो ओलाव्याने. कोळसा हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि एकदम आच लागली की आतल्या पाण्याची वाफ होऊन तडकतो. पाकीट उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. दमट झालाच असेल तर तासभर कडक उन्हात पसरा.

घेताना काय बघावं तेही सांगतो. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. दोन ठोकळे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजले पाहिजेत, बद्द आवाज आला तर एक तर ओला किंवा सैल दाबलेला. बोटाला थोडी काजळी लागणारच, पण कडा भुसभुशीत होऊन गळत असतील तर चिलमीवरही राख गळणार. आणि जळल्यावर राख पांढुरकी किंवा फिकट करडी, थोडी, आपला आकार धरून राहणारी हवी. पेटताना डोळे चुरचुरले किंवा रसायनाचा वास आला तर ते पाकीट पुन्हा घेऊ नका.

लिंबू-संत्र्याच्या लाकडाचा कोळसाही मिळतो. तो लवकर फुलतो, पण तुकडे ओबडधोबड असल्याने धग सारखी राहत नाही. मांस भाजायच्या शेगडीचा कोळसा मात्र हुक्क्याला कधीच वापरू नका. त्यातल्या काही विटांमध्ये दगडी कोळसा आणि पेटवायचं तेल मिसळलेलं असतं.

करवंटीचा कोळसा नीट फुलवून वापरलात तर तुमचं डोकंही थांबेल असं वाटतं.

मोरपंखी

वरच्या सगळ्याला +१. फक्त एक भर घालते. तीन ठोकळ्यांनी सुरुवात करून चव जळकी झाली तर एक काढा, आणि निखारे मधोमध न ठेवता कडेला ठेवून मधूनमधून फिरवा. जळका तंबाखूसुद्धा घशाला लागतो, तेव्हा सगळा दोष कोळशाचाच असतो असं नाही.

रात्रपाळी

सांजवेळ, मी इस्पितळात तातडीच्या विभागात काम करते. तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी वाचून थांबले: पाऊण तासाने डोकं, तंबाखू नसतानाही तेच, आणि उठल्यावर अंधारी. हे कार्बन मोनॉक्साइडचं चित्र आहे. तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण माझा पहिला संशय त्यावरच जातो.

कोळसा कोणताही असो, तो जळताना हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. मेंदू आणि हृदयाला त्याची झळ आधी बसते. हर्बल मिश्रणाने फरक पडला नाही, कारण वर जळणारा कोळसा तोच होता. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हुक्क्याच्या धुराचं मोजमाप प्रसिद्ध केलं होतं. त्यात आढळलं की धुरातला सुमारे ९० टक्के कार्बन मोनॉक्साइड कोळशातून येतो, आणि कर्करोगाशी जोडलेल्या काही मोठ्या रेणूंचाही बहुतांश भाग कोळशाचाच असतो. तुमचा संशय बरोबर होता, पण त्याने प्रश्न कोळशाच्या जातीपुरता राहत नाही.

पाण्यातून धूर गाळला जातो अशी बऱ्याच जणांची समजूत असते. पाणी धूर गार करतं. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारच कमी विरघळतो, तो गुडगुड करत वर येतो. आणि हुक्का सिगारेटसारखा पाच मिनिटांत संपत नाही. तासाभराच्या बैठकीत माणूस साधारण २०० झुरके घेतो, एका सिगारेटला २०.

आता ऑक्सिमीटर. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण या ९८ वर विसंबून माणसं घरी झोपून राहतात. बोटाला लावायचं साधं यंत्र रक्तावर लाल आणि अवरक्त प्रकाश टाकून आकडा काढतं, आणि त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. त्यामुळे विषबाधा असतानाही तो आकडा छान दिसू शकतो. खरं कळायला रक्ततपासणी लागते, कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची, तीही लवकर. मोकळ्या हवेत चार-पाच तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी काही सापडत नाही.

पुन्हा असं झालं तर हुक्का तिथेच सोडून मोकळ्या हवेत जा. अंधारी, उलटी, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं वाटणं यातलं काही असेल तर थेट इस्पितळात, आणि तिथे गेल्या गेल्या सांगा की कोळशाजवळ बसलो होतो. ते सांगितलं नाही तर डॉक्टरच्या मनात अर्धशिशी, पित्त असं सगळं आधी येतं. दोन गोष्टी विचारते: खोलीच्या खिडक्या उघड्या असतात का? आणि तुम्हाला हृदयाचा काही त्रास, रक्त कमी असणं किंवा दिवस गेलेले आहेत का?

सांजवेळ

ताई, वाचून हात गार पडले. खिडक्या बंद असतात, डास येतात म्हणून. आणि हो, माझं हिमोग्लोबिन कमीच असतं, गोळ्या चालू आहेत. नवऱ्याला त्रास कमी आणि मला जास्त, त्याचं कारण हे असेल का?

आणि स्पष्टच विचारते. भट्टीवाला दादा म्हणतात तसा चांगला कोळसा नीट फुलवून घेतला, खिडक्या उघडल्या, तर चालेल का? की विजेवर चालणारे कोळशाशिवायचे तापक मिळतात ते घेऊ?

रात्रपाळी

हिमोग्लोबिन कमी असेल तर मुळातच ऑक्सिजन वाहणारे हात कमी, त्यातले काही हा वायू अडवतो. त्यामुळे तुम्हाला आधी आणि जास्त त्रास होणं शक्य आहे. कोण किती वेळ ओढतं, किती खोल ओढतं, यावरही अवलंबून असतं.

खिडक्या उघडल्याने खोलीत साठणारा वायू कमी होतो आणि ते करायलाच हवं. कोळसा पेटवतानासुद्धा. पण नळीतून थेट फुप्फुसात जातो त्याला खिडकीचा उपयोग नाही. गच्चीवर बसून हुक्का ओढणाऱ्यांनाही विषबाधा होऊ शकते. विजेच्या तापकात जळणारा कोळसा नसल्याने कार्बन मोनॉक्साइड बराच कमी होतो, पण तंबाखू असेल तर निकोटीन आणि तंबाखूच्या धुरातलं बाकी सगळं तसंच राहतं. तुमच्या बाबतीत, अंधारी येऊन गेलेली आणि रक्त कमी, मी कोणताही कोळसा सुचवणार नाही.

भट्टीवाला

मी वर शेवटी जे लिहिलं, डोकं थांबेल म्हणून, ते मागे घेतो. कारखान्यात आम्ही राख, धग, वास, किती वेळ जळतो एवढंच बघायचो. करवंटीचा कोळसा शुद्ध म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन, याचा आम्हाला अभिमान असायचा. पण कार्बन अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड होणारच, आणि चिलमीवर झाकण घालून आपण हवा आणखी कमी करतो. शिवाय करवंटीचा ठोकळा तास-दीड तास टिकतो, म्हणजे माणूस तेवढा वेळ बसतोही. चव सुधारेल, दारूगोळ्याचा वास जाईल, राख कमी पडेल. डोक्याची हमी मी द्यायला नको होती.

आमच्याकडे भट्टीजवळ काम करणाऱ्यांना पाळीच्या शेवटी डोकं धरायचं. आम्ही उन्हाला दोष देत राहिलो.

सांजवेळ

दादा, तुम्ही परत येऊन लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

दहा दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांना सगळं सांगितलं. आता उशीर झालाय, त्या वायूची तपासणी करून उपयोग नाही असं ते म्हणाले, पण लक्षणं ऐकून त्यांनाही तेच वाटलं. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. मी हुक्का बंद केला आहे. नवऱ्याने हा धागा दोनदा वाचला. तो अजून पूर्ण थांबलेला नाही, पण घरात पेटवणार नाही एवढं त्याने स्वतःहून सांगितलं. खोलीत कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा अलार्मही बसवला, कारण पलीकडच्या खोलीत सासूबाई झोपतात आणि हे आधी आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एक शेवटचं. मॅजिक कोलची चार पाकिटं उरली आहेत. कचऱ्यात तशीच टाकली तर चालतील का? ठिणगी पडली तर, अशी भीती वाटते.

भट्टीवाला

तशीच टाकू नका. बादलीत पाणी घेऊन वड्या त्यात सोडा आणि रात्रभर राहू द्या. सोरा पाण्यात विरघळतो, वड्या ढेपाळून चिखल होतो, मग पेटायची भीती राहत नाही. पाणी गाळून तो चिखल कचऱ्यात टाका. आणि नवऱ्यासाठी: वापरलेला निखारा वरून काळा दिसला तरी आत कित्येक तास धगधगत असतो. पत्र्याच्या डब्यात पाणी ओतूनच विझवायचा, आणि तो डबाही घराबाहेर ठेवायचा.