आफ्रिकेतल्या खेड्यांतला एचआयव्ही : प्रबंधाला सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी, मी सांगलीत एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाला आफ्रिकेतल्या ग्रामीण भागातला एचआयव्हीचा प्रसार आणि प्रतिबंध शिक्षण हा विषय घेतलाय, पण तिकडं जाणं काय शक्य नाही आणि जे वाचते त्यात सगळीकडं गरिबी नि अज्ञान एवढंच. त्यापलीकडं काय बघू?

माणदेशी_गडी
ताई आधी एक देश धर, आफ्रिका काय एक तालुका हाय का. एस्वातिनीत (पूर्वीचं स्वाझीलँड) 100 प्रौढांत साधारण 25 जणांना एचआयव्ही, आणि सेनेगलात 100 मागं एक पण नाही. नुसती गरिबी कारण असती तर बोत्सवानात एवढा पसरला नसता, हिरे विकणारा देश हाय तो. लेसोथोची माणसं दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत जाऊन महिनोन्‌महिने तिकडंच राहायची. आमच्या विटा-आटपाडीकडचे गलाईवाले आठव, सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेलेले, जत्रेला घरी येतात तेवढेच.

समुपदेशक_ताई
दादा, गलाईवाल्यांचं उदाहरण जरा जपून हं, लेबल चिकटतं. बाहेर गेलेला नवराच आजार आणतो असंही धरून चालू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या खेड्यांत ज्या जोडप्यांत एकालाच लागण होती ती तपासली, तर जवळपास 30 टक्के जोडप्यांत ती बायकोला होती, नवऱ्याला नाही (2003 चा अभ्यास).
आणि शिक्षणाचं म्हणशील तर पश्चिम केनियातला शाळांचा प्रयोग वाच. मुलांना संयम पाळा असं शिकवायचं ट्रेनिंग शिक्षकांना दिलं, मुलींच्या गरोदरपणात (म्हणजे असुरक्षित संबंधांची खूण) फरक शून्य. दुसऱ्या शाळांत आठवीच्या मुलींना फक्त एवढंच सांगितलं की कुठल्या वयाच्या पुरुषांत लागण किती, म्हणजे पोरांपेक्षा मोठे बाप्ये जास्त धोक्याचे, तर गरोदर राहण्याचं प्रमाण 28 टक्क्यांनी घटलं. माझाही अनुभव तोच, भाषणाला सगळ्या माना डोलावतात आणि चपला घालताना एखादी हळूच विचारते, मॅडम एका ताटात जेवलं तर होतं का हो? खरा वर्ग तिथं दारात भरतो बघ. तपासणीला तर कराडची माणसं आमच्याकडं येतात आणि आमची कोल्हापूरला जातात, कुणी बघू नये म्हणून.

कृष्णाकाठची
मग केनियाच धरते. पण टायटलमध्ये आफ्रिका लिहून फॉर्म कधीच सबमिट झालाय 😭

माणदेशी_गडी
खाली 'विशेष संदर्भ : पश्चिम केनिया' टाक की, सगळे तेच करत्यात.