लातूर: १९७६ ची ऑफिस इमारत, वर घरं आणि खाली कामाच्या जागा करता येतील का?

गोलाईची लेक

आजोबांच्या तेलगिरणीचं ऑफिस आहे. लातूर जिल्हा व्हायच्या आधीचं, १९७६ चं बांधकाम. तळाला नुसते खांब, वर तीन मजले. पश्चिमेला काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या, दक्षिणेला खोल छज्जे. एक मजला साधारण ४,३०० चौरस फूट, उंची बारा फूट. रुंदी साठ फूट असल्यानं मधल्या भागात भरदुपारी ट्यूब लावावी लागते.

गिरणी केव्हाच बंद झाली. घरातले म्हणायलेत, पाडा, नाहीतर होस्टेलला द्या. क्लासच्या पोरांची काही कमी नाही. मला दोन्ही नको. मे महिन्यात त्या पट्ट्यांमागच्या खोलीत नुसत्या पंख्यावर बसता येतं, अशी इमारत आज कोण बांधून देणार? वरच्या दोन मजल्यांवर कुटुंबं राहावीत, पहिल्या मजल्यावर आणि खाली सीए, वकील, शिवणकाम करणाऱ्या बायका, लॅपटॉपवर काम करणारी पोरं यांना जागा मिळावी, असं मनात आहे.

बिल्डरनं सोळा फ्लॅटचा नकाशा दिलाय. पट्ट्या तोडून काच आणि एसीपी (ॲल्युमिनियमचे पत्रे) लावा म्हणतो. कोपऱ्यातल्या एका खांबाचं प्लास्टर फुगून गज दिसायलेत. हौद २०,००० लिटरचा. सुरुवात कुठून करू?

सळई

ताई, मी स्ट्रक्चरचं काम करतो, लातूरचाच आहे. इमारत वाचू शकते. पण नकाशा बाजूला ठेवा, आधी खांब आणि पाणी बघा.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली, तोवर आपला भाग भूकंपाच्या नकाशात झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात सुरक्षित समजला जायचा. त्या नकाशाच्या २००२ च्या सुधारणेत लातूर झोन ३ मध्ये आलं. म्हणजे तुमची इमारत बहुतेक फक्त उभ्या वजनासाठी काढलेली आहे. वर भिंती आणि खाली मोकळे खांब, त्यामुळे भूकंपात सगळा हिसका तळमजल्यावर येतो. खांबांना जॅकेटिंग (भोवती नवे गज आणि काँक्रीटचा थर) आणि दोन्ही दिशांना समतोल बसतील अशा काँक्रीटच्या भिंती, एवढा खर्च धरूनच चाला. खालच्या ऑफिसांना खांबांमध्ये अर्ध्या उंचीच्या विटांच्या भिंती घालू नका. खांब आखूड पडतो आणि तिथेच तुटतो. हलकी पार्टिशनं, तीही खांबापासून सोडून.

तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, काँक्रीट हातानं कालवलेलं. एका खांबाचा माल दुसऱ्यासारखा असेलच असं नाही. म्हणून कोअर, म्हणजे तपासणीसाठी यंत्रानं कापून काढलेला काँक्रीटचा नमुना, एकाच ठिकाणचा नको, प्रत्येक मजल्यावरून घ्या. फुगलेल्या खांबाचा तुकडा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलणारं रसायन) मारायला सांगा. गुलाबी झालं तिथं काँक्रीट अजून गजाला सांभाळतंय. रंग आलाच नाही आणि तो बिनरंगी थर गजापर्यंत पोचलेला असला, तर नुसतं प्लास्टर मारून भागणार नाही.

आता पाणी. ऑफिसला माणशी दिवसाला ४५ लिटर धरतात, घराला १३५. सोळा फ्लॅट, घरटी पाच माणसं, म्हणजे रोज १०,८०० लिटर. तुमचा हौद दोन दिवसही पुरणार नाही, आणि आपल्याकडे नळ रोज येत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते या गावानं पाहिलंय. आठवड्याचा साठा म्हणजे पाऊण लाख लिटर. फ्लॅट किती करायचे ते या आकड्यावरून ठरवा. नवा हौद खांबांच्या पायाला लागून खणू नका, मागच्या अंगणात घ्या. गच्चीचं पाणीही त्यातच वळवा: ७५० मिमी पाऊस धरला तर वर्षाला सव्वादोन ते अडीच लाख लिटर होतं.

औसा रोड

मी आर्किटेक्ट. पट्ट्यांना हात लावू देऊ नका. पश्चिमेचं ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं, हेच त्यांचं काम. काच लावली की एसी आला आणि वीजबिलही.

अंधारा मधला भाग घरांना देऊ नका. तिथं जिना, लिफ्ट, सामानाच्या खोल्या, धुण्याची जागा. घरं दोन्ही कडांना. स्वयंपाकघर आणि बाथरूम मजल्यामजल्यावर एकाखाली एक यायला हवीत. ऑफिसच्या स्लॅबला बाथरूमसाठी खाच नसते, पण बारा फूट उंची आहे, तेव्हा तेवढीच फरशी फूटभर उचलून पाइपला उतार देता येतो. ती भर मात्र हलक्या मालाची हवी, विटांच्या रोड्याची नको.

अमेरिकेत न्यू हेवनला मार्सेल ब्रॉयर या आर्किटेक्टची १९७० च्या सुमाराची काँक्रीटची ऑफिस इमारत होती. ती २०२२ मध्ये हॉटेल म्हणून सुरू झाली, बाहेरचं रूप जसंच्या तसं.

गोलाईची लेक

दोघांचेही मनापासून आभार. फ्लॅट दहावर आणले तर? आणि आतल्या भिंती विटांच्या चालतील का?

सळई

दहा म्हणजे रोज ६,७५० लिटर. खालच्या ऑफिसांचं वेगळं धरूनही साठ हजारांच्या आसपास हौदात आठवडा निघतो, जमण्यासारखं आहे.

वीट नको. चार इंची भिंत प्लास्टरसकट रनिंग मीटरला साडेआठशे किलोच्या घरात जाते. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) निम्म्याहून कमी. राहण्याच्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलो वजन धरतात, ऑफिसला २५० आणि त्याहून जास्त. म्हणजे स्लॅबमध्ये थोडी जागा शिल्लक असते. ती विटांत घालवू नका.

वापर बदलाची परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागातून घ्यावी लागेल. घरांचे आणि ऑफिसांचे वीजमीटर पहिल्यापासून वेगळे काढा. पण हे सगळं कोअरचे रिपोर्ट हातात आल्यावर. तोवर त्या कोपऱ्यातल्या खांबाशेजारच्या बीमखाली लोखंडी टेकू लावून घ्या, हे काम याच आठवड्यात करा.